कणीस एका रात्रीत भरत नाही. नव्या वर्षात विश्वासात वाढायचं ते हळूहळूच

३१ डिसेंबरच्या रात्री गावोगावच्या चर्चमध्ये जागरणाची उपासना होते. सरत्या वर्षाचे आभार, येणाऱ्या वर्षासाठी प्रार्थना आणि बारा वाजले की एकमेकांना शुभेच्छा. त्याच रात्री अनेक जण मनाशी ठरवतात, की उद्यापासून रोज पहाटे उठून प्रार्थना करायची, वर्षभरात पूर्ण बायबल वाचून काढायचं, दारू सोडायची, चिडचिड बंद करायची. पहिला आठवडा झकास जातो. मग गव्हाला पाणी द्यायला रात्रीची लाईट येते, कांद्याची लागवड निघते, पोराला ताप येतो आणि वाचन राहून जातं. महिना संपता संपता माणूस म्हणतो, "आपल्याच्यानं हे होत नाही." काही जण तर लाजेनं मंडळीत जायचंही कमी करतात.

खरा तोटा इथेच होतो. चार दिवस वाचन चुकलं म्हणून नव्हे, तर चुकलं म्हणून सगळंच सोडून दिलं म्हणून.

दाखले शेतातलेच

विश्वासाच्या वाढीबद्दल येशूने दिलेले दाखले शेतकऱ्याला लगेच समजतील असे आहेत. मार्कच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात एक माणूस बी टाकतो. तो झोपतो, उठतो, दिवस जातात, आणि बी कसं वाढतं हे त्याला कळतही नाही. आधी पात, मग कणीस, मग कणसात दाणा. यातली एकही पायरी गाळता येत नाही. पेरल्यावर रोज माती उकरून बी उगवलं का म्हणून बघणारा शेतकरी पिकाचं नुकसानच करतो. पण बी आपोआप वाढतं म्हणून पाणी न देणाऱ्यालाही पीक मिळत नाही.

दुसरा दाखला लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. अंजिराच्या झाडाला तीन वर्षं फळ नाही, म्हणून मालक ते तोडायला सांगतो. माळी विनवतो, की आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. नव्या वर्षाच्या उपासनेत सांगावा असाच हा दाखला आहे. मिळालेलं वर्ष ही मुदत आहे, पण ती नुसती वाट बघण्याची नाही, खणण्याची आणि खत घालण्याची आहे.

मोठ्या माणसांनाही वेळ लागला

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर परिसरात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. याच परिसराशी जोडलेली रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक ही नावं मराठी ख्रिस्ती घरात सगळ्यांना माहीत असतात. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. लक्ष्मीबाईंना तो निर्णय मान्य नव्हता. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्या तरी सोवळं-ओवळं, पाण्याचा विटाळ लगेच सुटला नाही. मन एकेक पायरी बदलत गेलं आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे एकाच घरातल्या दोघांत पाच वर्षांचं अंतर. हा सगळा प्रवास त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये काही न लपवता लिहिला आहे.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पण त्यानंतरही आपल्याला ख्रिस्त खऱ्या अर्थानं उमगायला काही वर्षं गेली, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. दौंड तालुक्यात केडगावला मुक्ती मिशन चालवताना त्यांनी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर केलं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर हे काम चालू होतं.

झेपेल एवढंच ठरवा

पूर्ण बायबल वर्षात वाचायचं तर रोज तीन-चार अध्याय होतात. नवख्याला हे जड जातं. त्यापेक्षा नवा करार घ्या. त्यात २६० अध्याय आहेत. आठवड्याचे पाच दिवस रोज एक अध्याय वाचला, तर ५२ आठवड्यांत तो बरोबर पूर्ण होतो. शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला मोकळे राहतात. तेही जमत नसेल तर मार्कपासून सुरुवात करा, अध्याय फक्त १६ आहेत. नीतिसूत्रांचे अध्याय ३१, म्हणजे महिन्याच्या तारखेप्रमाणे रोज एक.

वाचता येत नसेल किंवा डोळ्याला दिसत नसेल, तर मोबाईलवर मराठी बायबल ऐकायलाही मिळतं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला रविवारी चर्च गाठता येत नाही. त्यांनी कोपीवर रात्री जेवणाआधी पाच मिनिटं सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली तरी घडी मोडत नाही.

वेळ मात्र ठरलेली हवी. "सवड मिळाली की करू" म्हटलं की सवड मिळत नाही. धार काढून झाल्यावर, चहाच्या आधी, मोटर चालू करून बांधावर बसल्यावर, अशी रोजच्या कामाला जोडलेली वेळ टिकते.

वाढ झाली हे ओळखायचं कसं?

किती अध्याय झाले यावरून नाही. गलतीकरांच्या पत्रात आत्म्याच्या फळाची नऊ लक्षणं दिली आहेत. त्यात प्रीती, आनंद, शांती आहे, तशीच सहनशीलता, ममता आणि इंद्रियदमनही आहे. घरच्यांना विचारा, "माझा आवाज पूर्वीपेक्षा खाली आलाय का?" भावाशी बांधावरून बोलणं बंद असेल, तर मत्तयच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट सांगितलं आहे, की आधी भावाशी समेट, मग अर्पण. यंदा कोर्टाची तारीख पडण्याआधी एकदा त्याच्या ओट्यावर जाऊन बसणं, हीसुद्धा विश्वासातली वाढच आहे.

दारू सोडणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर हातपाय थरथरणं, भास होणं, फिट येणं असा त्रास होऊ शकतो आणि तो जिवावरही बेतू शकतो. म्हणून प्रार्थनेच्या जोडीला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. औषध घेतलं म्हणजे विश्वास कमी, असं नाही.

चुकलं तर?

मोडलेला नेम जिथे मोडला तिथून पुढे धरायचा. राहिलेले दहा अध्याय एका दिवसात संपवायच्या नादाला लागू नका, आजचा वाचा. जानेवारी हातचा गेलाच, तर राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो. रविवार सोडून इस्टरपर्यंत ४० दिवस मिळतात. तेव्हा पुन्हा सुरुवात करता येते.

आणि एकट्यानं करू नका. नवरा-बायको, दोन शेजारी किंवा आजी आणि नातू अशी जोडी जमवा. एकाचं चुकलं तर दुसरा आठवण करतो. पाळकांना किंवा फादरांनाही सांगून ठेवा, म्हणजे चार रविवार दिसला नाहीत तर ते घरी येऊन विचारतील.