मराठीतला फुटबॉल ऐकू का येत नाही?

आमच्या पिपरी मेघेत क्रिकेटवर वाद घालायला कुणाला इंग्रजी लागत नाही. षटक, यष्टिरक्षक, पायचीत हे शब्द वर्तमानपत्रांनी रुजवले आणि आकाशवाणीच्या मराठी समालोचनाने ते पानटपरीपर्यंत पोचवले. त्यात बाळ ज. पंडित यांचा वाटा मोठा. फुटबॉलचे तसे झाले नाही. गोलरक्षक, बचावफळी हे शब्द छापून येतात, पण चेंडू बगलेवरून आत वळतो तो क्षण मराठीत सांगणारा आवाज माझ्या कानावर क्वचितच पडला. याचे कारण शोधताना मी स्कॉटलंडपर्यंत जाऊन पोचलो.

ते तसे दूरचे नाहीच. 30 नोव्हेंबर 1872 रोजी ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. गोल एकही नाही! पुढे सोळा वर्षांनी सिमल्यात ड्युरँड चषक सुरू झाला, तेव्हा अंतिम सामना खेळणाऱ्या दोन्ही पलटणी स्कॉटिश होत्या: रॉयल स्कॉट्स फ्युजिलियर्स आणि हायलँड लाइट इन्फन्ट्री. 1891 मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक आला. म्हणजे खेळ आला तो छावणीतून. आमच्या विदर्भात फुटबॉलचे वेड आहे ते कामठीला, आणि कामठीही छावणीचेच गाव.

रोव्हर्स चषक 1950 ते 1954 सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी नेला. कुपरेजवर गर्दी जमे ती हैदराबाद, कलकत्त्याच्या संघांसाठी. त्या गर्दीची भाषा बंबइया हिंदी असावी, मराठी नव्हे, असा माझा कयास आहे.

दुसरे कारण खेळाच्या घडणीत आहे. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मधे श्वास घ्यायला जागा असते. तिथे भाषा ऐसपैस बसते. फुटबॉल थांबत नाही. 22 जानेवारी 1927 रोजी बीबीसीने आर्सेनल-शेफील्ड युनायटेड सामन्याचे धावते वर्णन प्रक्षेपित केले, तेव्हा ‘रेडिओ टाइम्स’मध्ये मैदानाचा आकडे घातलेल्या चौकोनांचा नकाशा छापला होता. एक जण खेळ सांगे, दुसरा मधूनच चौकोनाचा आकडा उच्चारी. इंग्रजीलाही हे काम शिकावे लागले, ते असे. तोंडात बसलेले आखूड शब्द तयार नसतील, तर वाक्य पुरे होईतो गोल होऊन जातो.

मग लहान भाषेने काय करावे? स्कॉटलंडची गेलिक पाहा. 2011 च्या जनगणनेत ती बोलणारे जेमतेम 57 हजार. मराठी मातृभाषा सांगणारे त्याच वर्षी सव्वाआठ कोटींवर. तरीही 2008 साली सुरू झालेल्या ‘बीबीसी अल्बा’ या गेलिक वाहिनीने स्कॉटिश फुटबॉलचे सामने गेलिक समालोचनासह दाखवले. मुलाखती इंग्रजीतच राहिल्या, कारण खेळाडू त्याच भाषेत बोलतात. गेलिकचे अक्षरही न कळणारे लोक सामना पाहायला ती वाहिनी लावू लागले. गंमत अशी, की भाषेच्या प्रेमापोटी हे लोक आलेच नव्हते.

आपल्याकडे याला जवळचे उदाहरण एकच, कोल्हापूर. तिथे संघांची नावेच पाहा: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल दत्तक घेतला. पेठापेठांतली ईर्ष्या सेल्टिक-रेंजर्सइतकीच कडवी, फक्त तिथल्यासारखी धर्माची किनार नाही. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. शाहू स्टेडियमवर प्रेक्षक ओरडतो तो कोल्हापुरी मराठीत, आणि स्थानिक प्रक्षेपणांतून हीच भाषा आता मोबाइलवर येते. कुठल्याही परिभाषा कोशापेक्षा हा साठा मला मोलाचा वाटतो, कारण खेळाच्या वेगाला तो टिकलेला आहे. भाषा विभागांनी आणि विद्यापीठांनी ही ध्वनिमुद्रणे जमवली पाहिजेत, तीही लवकर. मोबाइलवरचे प्रक्षेपण कोण किती दिवस जपून ठेवील याचा भरवसा नाही.

त्याच फेरीत कामठीलाही जावे. तिथले शब्द हिंदी-उर्दू वळणाचे निघतील. मराठीने तेही खुशाल घ्यावेत. ‘गोल’ आणि ‘पास’ आपण कधीच घेतले आहेत.