बोल्ट फिरला, म्हणजे सुटला का?

आजचा विषय अनुमानाचा आहे, पण सुरुवात गाडीच्या खालून करू.

आमच्याकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी होती. तिच्या मागच्या चाकांना पाट्यांची स्प्रिंग असते. पाट्याच्या टोकाला गोल डोळा, डोळ्यात बूश, आणि बुशातून आरपार गेलेला बोल्ट पाट्याला बॉडीच्या ब्रॅकेटशी धरून ठेवतो. बूश म्हणजे काय, तर आत लोखंडी नळी आणि तिच्याभोवती रबर. ते बूश खराब झालं म्हणून आम्ही बोल्ट काढायला बसलो. नट निघाला. बोल्टाच्या डोक्याला पाना लावला, पान्यावर लांब पाइप चढवला, जोर केला आणि बोल्ट थोडा फिरला! आम्ही म्हटलं, सुटला. मग तासभर तेच. बाहेर मात्र तो केसभरही येईना.

शेवटी ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी आम्हालाच गाडीखालून बाहेर काढलं, कारण गाडी नुसत्या जॅकवर होती. म्हणाले, "सर, जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही." बॉडीखाली स्टँड लावले, पाट्यावरचा ताण जावा म्हणून ॲक्सलला वेगळा जॅक दिला. मग खडूनं बोल्टाच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत एक रेघ ओढली. "आता फिरवा, आणि पाना सोडा." रेघ तुटली, आणि पाना सोडताच पुन्हा जुळली.

म्हणजे काय झालं? बोल्ट नळीत फिरतच नव्हता. गंजानं तो नळीला चिकटला होता. दोघं मिळून फिरत होते, आणि पीळ बसत होता तो रबराला. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे बोल्ट आणि नळी यांच्यातली बारीक फट तो भरून टाकतो आणि दोघांना घट्ट आवळतो. तेलालासुद्धा आत शिरायला वाट उरत नाही.

आता आमच्या अनुमानाकडे पाहा. 'हा सुटला आहे, कारण तो फिरतो.' नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात: हेतू आहे, पण साध्य नाही. अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'मुळे अनेकांना परिचित असलेल्या परंपरेतलं उदाहरण असं, की अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं. ही न सांगितलेली अट म्हणजे उपाधी. आमच्या अनुमानातही अशी अट लपली होती: मध्ये पीळ घेणारं काही नसेल, तरच फिरणं म्हणजे सुटणं. इथे तर मध्ये रबर होतं!

आणि रेघ जुळली नाही तरी हुरळून जाऊ नका. रबर फाटलं, तर बोल्ट नळीसकट गरगर फिरेल, पण निघणार नाही. खरी खूण एकच: बोल्टाचं डोकं ब्रॅकेटपासून सुटून बाहेर सरकायला हवं.

मिस्त्रींनी गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं. सकाळी नट बोल्टाच्या टोकाशी समपातळीत येईल इतका परत लावला, म्हणजे आटे वाचतात, आणि त्यावर हातोडीचे ठोके दिले. हलला नाही. आम्ही म्हटलं, गॅसनं तापवा. ते नको म्हणाले: रबर पेट घेतं, पेट्रोलची टाकी जवळ, ब्रेकचा होज जवळ. त्यांनी ब्रॅकेट आणि बूश यांच्या मधल्या सांध्यात करवतीचं पातं घातलं आणि दोन्ही बाजूंनी बोल्ट कापला. पाटा खाली आला.

आम्हाला ती हार वाटली होती. पण नवं बूश बसणारच होतं. वाचवायचं होतं ते ब्रॅकेट, बोल्ट नव्हे. काय वाचवायचं हे आधी ठरलं, की जोर कुठे लावायचा हे आपोआप कळतं.

नवा बोल्ट त्याच ताकदीचा घेतला आणि ग्रीस लावून बसवला. शेवटचं आवळणं मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावर केलं. अधांतरी आवळलं असतं, तर गाडी खाली येताच नव्या रबराला कायमचा पीळ बसला असता.

त्या दिवशी आम्ही मिस्त्रींकडून न्यायशास्त्राचा एक धडा घेतला. तुम्हीही कधी 'हललं, म्हणजे जमलं' असं म्हणाल, तेव्हा आधी खडू काढा.