उंच रॅक आणि आगीचा बंदोबस्त

भिवंडीच्या परिसरातील मोठ्या गोदामांत माल आता लोखंडी रॅकवर थेट छताजवळ पोहोचेल इतका उंच रचला जातो. परंतु जागेची ही काटकसर अग्नीच्याच पथ्यावर पडते, कारण खोक्यांमधील उभ्या पोकळीतून ज्वाळा धुराड्यातून चढाव्यात तशा वर धावतात. छतावरील स्प्रिंकलरच्या तोंडाशी द्रवाने भरलेली काचेची इवलीशी कुपी असते. तांबड्या रंगाची कुपी 68 अंश सेल्सिअसला फुटते आणि केवळ त्याच तोंडातून पाणी सुटते. मात्र वरच्या मालाच्या आडोशामुळे ते तळच्या आगीपर्यंत पुरेसे पोहोचेलच असे नाही. म्हणूनच अमेरिकेतील ‘एनएफपीए 13’ या संहितेत, छतावरील योजना अपुरी ठरेल तेथे, रॅकच्या अंतर्भागातही स्प्रिंकलर बसविण्याची तरतूद आहे. शिवाय खोक्यांमधील सुमारे 150 मिलिमीटरची पोकळी बुजवू नये, कारण उष्णता वर आणि पाणी खाली जाण्याचा मार्ग तोच. आणि साध्या स्प्रिंकलरखालीही निदान 18 इंच जागा मोकळी असावी. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक अधिनियमान्वये ही यंत्रणा सुस्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला दर जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावा लागतो. गोदाम भाड्याने घेणाऱ्याने करारनाम्यावर सही करण्यापूर्वी तो अवश्य मागून पाहावा.