जमिनीची मोजणी : हद्द आणि मालकी

नांगराच्या एका तासाने दरवर्षी बांध कोरला गेला, तर ते चटकन ध्यानात येत नाही. परंतु ३३० फूट लांबीचा बांध ३.३ फूट सरकला की १,०८९ चौरस फूट, म्हणजे बरोबर एक गुंठा जमीन शेजारच्या शेतात जाते. अशा गुंठ्यापायी भावकी तुटते व पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालतात. म्हणून योग्य मोजणी कशास म्हणावे, हे शेतकऱ्यांनी व ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

मोजणीचा आधार – आज दिसणारा बांध मोजणे म्हणजे मोजणी नव्हे. मुंबई इलाख्यातील जुन्या मोजणीत ३३ फुटांची साखळी व तिचे १६ आणे या मापाने सर्व्हे नंबरांची टिपणे तयार झाली. पुढे पोटहिश्शांच्या फाळण्या झाल्या आणि १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानुसार अनेक गावी गटांचे नकाशे झाले. भूकरमापकाने या अभिलेखांशी जागेवरील जुने हद्दीचे दगड व कायम खुणा ताडून पाहावयाच्या असतात. आता साखळीऐवजी इलेक्ट्रॉनिक यंत्रे व उपग्रहांच्या साहाय्याने चालणारे रोव्हर वापरतात. तथापि आधार मूळ अभिलेखाचाच राहतो.

आडवे माप – क्षेत्रफळ नेहमी सपाटीवरील अंतराने काढतात. उतारावर टाकलेली साखळी ४१ फूट दाखवीत असेल व तेवढ्यात चढ ९ फूट असेल, तर हिशेबात अंतर ४० फूटच धरावे लागते. डोंगरउतारावरील शेतकऱ्यास आपली जमीन ‘कमी भरली’ असे वाटते, त्याचे हे एक कारण होय.

शेजाऱ्यांची उपस्थिती – तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करून फी भरल्यावर अर्जदारास व लगतच्या धारकांस मोजणीच्या तारखेची नोटीस दिली जाते. सर्वांनी त्या दिवशी हजर राहून आपापली वहिवाट दाखवावी. हरकत असल्यास ती लेखी द्यावी. मोजणी मान्य नसल्यास निमताना मोजणी मागता येते.

मोजणीची मर्यादा – मोजणीने हद्द कळते. मालकी ठरत नाही. सात-बारावरील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानतात, पण केवळ तिच्यामुळे मालकी मिळत नाही. मालकी खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा इत्यादींवरून सिद्ध होते व तिचा वाद दिवाणी न्यायालयात सुटतो.

तात्पर्य, विहीर खोदण्यापूर्वी, फळबाग लावण्यापूर्वी किंवा जमीन खरेदी करण्यापूर्वी मोजणी करून घ्यावी. शेतात पीक उभे नसताना अर्ज करणे सोयीचे. ‘क’ प्रत म्हणून मिळणारा नकाशा जपून ठेवावा आणि हद्दीचे दगड कोणासही हलवू देऊ नयेत; त्यांची नासधूस करणे हा कायद्याने दंडनीय अपराध आहे.