पिलू रात्री का रडते?

माण किंवा जतच्या माळावर मेंढरांबरोबर हिंडणारा लांब तोंडाचा, सडपातळ कारवान कुत्रा तुम्ही पाहिला असेल. त्याचे पिलू घरी आणा. पुढचे दोन-तीन महिने घरात कोणाचीही झोप पुरी होणार नाही!

रात्रीचे रडणे हा हट्ट नव्हे. कालपर्यंत ते आईच्या नि भावंडांच्या उबेत झोपत होते. अंथरुणाजवळच गोणपाट घालून द्या, रडणे कमी होते. फरशी ओली होते, कारण मूत्राशयावर अजून ताबा नसतो. खाल्ल्यावर नि झोपून उठताच बाहेर न्यावे. मारल्याने ते फक्त भिते.

चपला कुरतडण्याचे कारण दात. दुधाचे २८ दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात नि पुढे ४२ दात येतात. हिरड्या शिवशिवतात, मग बिचारे काय करणार?

अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ साली दाखवून दिले, की ३ ते १२ आठवड्यांच्या वयात पिलू ज्यांच्या सहवासात असते, त्यांना ते आपले मानते. वाड्यावर वाढलेले पिलू मेंढरांत रमते, ते यामुळेच. म्हणून आठ आठवड्यांच्या आत त्याला आईपासून तोडू नये. तीन महिन्यांचे झाले, की रेबीजची लस टोचावी. खेळताना दात लागून रक्त आलेच, तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.