कागदाच्या पट्टीची किंमत

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. तात्सुरो यामाशिता यांची 'फॉर यू' ही तबकडी जपानमध्ये १९८२ साली निघाली. २०२३ साली ती नव्याने निघाली. गाणी तीच, मुखपृष्ठावरचं एइझिन सुझुकी यांचं चित्रही तेच. तरी संग्राहक १९८२ची प्रत शोधत फिरतात. का बरं?

या संगीताला 'सिटी पॉप' म्हणतात. सत्तरच्या दशकाची अखेर आणि ऐंशीचं दशक हा त्याचा काळ. अमेरिकन सोल, फंक, डिस्को यांचा जपानी शहरी अवतार म्हणा ना! मारिया ताकेउची यांचं 'प्लास्टिक लव्ह' १९८४चं. पण २०१७नंतर यूट्यूबवरून ते जगभर पसरलं. ऐकणारे बहुतेक नंतर जन्मलेले, जपानी न कळणारे. म्हणजे ही स्वतःच्या तरुणपणाची आठवण नव्हे. मग जुनी प्रत कशासाठी?

वॉल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताने १९३०च्या दशकात मांडलं, की कलाकृतीच्या यांत्रिक प्रती निघू लागल्या की मूळ कृतीभोवतीचं वलय ओसरतं. आता गंमत बघा. तबकडी ही मुळातच यांत्रिक प्रत. दुकानात येते ती हजारोंमधली एक. तिला वलय आलं कुठून?

कुणी म्हणेल, पहिल्या छपाईचा आवाज सरस असतो. कधी असतोही. पण सुईने झिजलेली पहिली प्रत नव्या प्रतीपुढे टिकत नाही.

आम्हाला उत्तर सापडतं ते 'ओबी'त. ओबी म्हणजे किमोनोचा कमरपट्टा. जपानी तबकडीच्या वेष्टनालाही डाव्या कडेला तशीच कागदाची पट्टी असते. तिच्यावर नाव, क्रमांक, किंमत. ही पट्टी दुकानदाराच्या सोयीची. घरी आणल्यावर पुष्कळांनी ती फाडली, हरवली, टाकून दिली. पुढे सीडी आली आणि तबकड्याही अडगळीत गेल्या. आज ओबीसकट प्रत मिळाली तर भाव चढतो. तो कागदाचा भाव नव्हे. कुणीतरी अनोळखी माणसाने, गरज नसताना, चाळीस वर्षं ती पट्टी जपली, त्या जपण्याचा तो भाव. छापताना सगळ्या प्रती सारख्या होत्या. वेगळ्या झाल्या त्या माणसांच्या हातात. वलय आलं ते तिथून.

हे मान्य केलं, तर दोन गोष्टी ओघानेच येतात. एक, जुन्या बाजारातल्या पैशातून कलावंताला काही मिळत नाही. गाणं हवं असेल तर नवी प्रत घ्यावी; त्यात कमीपणा कसला? दुसरी, जुनी प्रत घेतली तर आपण साखळीतला पुढचा दुवा होतो. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर. एकावर एक रचल्या, तापल्या, की वाकतात. सुई वेळेवर बदलावी. आणि हो, वाजवाव्यात! नुसत्या भाव वाढण्याची वाट पाहत कपाटात कोंडलेली तबकडी जपली जात नाही, फक्त अडकून पडते.

तेव्हा पुढच्या वेळी ओबी हातात आली, तर आधी किंमत बघू नका. आपल्यानंतर ती कुणाच्या हातात जाणार, एवढं मनात आणा.