स्क्लेरोडर्मा आणि पावलांची दैनंदिन निगा

प्रस्तावना :
ग्रीक भाषेतील ‘कठीण’ व ‘त्वचा’ या अर्थांच्या दोन शब्दांवरून ‘स्क्लेरोडर्मा’ ही संज्ञा रूढ झाली. या विकाराच्या सर्वांगीण प्रकारात त्वचेत व काही अंतर्गत अवयवांत कोलॅजन हे प्रथिन प्रमाणाबाहेर साठते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या अरुंद होत जातात. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. अमेरिकन व युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१३ मध्ये मांडलेल्या वर्गीकरण-निकषांत हाताच्या बोटांना मध्यवर्ती स्थान आहे. पायांचा स्वतंत्र विचार नाही. वर्गीकरणापुरते ते योग्यच होय. परंतु शरीराचा भार वाहणाऱ्या पावलांकडे रुग्णाचे व कुटुंबीयांचेही लक्ष उशिरा जाते, आणि या विकारात झालेली जखम भरून येण्यास कित्येक आठवडे, प्रसंगी महिने लागतात.

पावलांतील बदल :
फ्रेंच वैद्य मॉरिस रेनो यांनी १८६२ मध्ये वर्णिलेले लक्षण दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत आढळते. थंडीने किंवा मानसिक ताणाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात; बोटे प्रथम पांढरी, मग निळसर व शेवटी लाल होतात. सावळ्या त्वचेवर हा रंगबदल स्पष्ट दिसेलच असे नाही; तेथे गारठा, बधिरपणा व ठणका हीच खूण मानावी. याशिवाय तळव्याखालील चरबीची गादी पातळ होते, बोटे आखडतात, त्यांच्या सांध्यांवर चप्पल-बूट घासतात आणि कुरुपे होतात. मधुमेही रुग्णाच्या बधिर पावलाला जखम झालेली कळत नाही. येथे बहुधा उलट असते. पाऊल दुखते, आणि ते दुखणे ‘संधिवातच तो’ म्हणून अंगावर काढले जाते.

दैनंदिन निगा :
पाय कोमट पाण्याने धुवावेत. पाण्याचा अंदाज कोपराने किंवा घरातील दुसऱ्या व्यक्तीने घ्यावा, कारण रुग्णाच्या बोटांची संवेदना भरवशाची नसते. त्याच कारणास्तव गारठलेल्या पायांवर गरम पाण्याची पिशवी थेट ठेवू नये. पाय टिपून कोरडे करावेत. तळव्यांना व टाचांना पेट्रोलियम जेली किंवा युरियायुक्त मलम लावावे, मात्र बोटांच्या बेचक्यांत लावू नये. कुरूप पात्याने कापणे किंवा त्यावर आम्लयुक्त पट्टी चिकटवणे हे जखमेला आमंत्रणच होय.

अनवाणी वावरण्याची आपली रीत येथे अडचणीची ठरते. पहाटेची थंडगार फरशी रेनोचा झटका आणण्यास पुरेशी असते. घरात मऊ तळाची वेगळी चप्पल व देवळात जाताना पायमोजे वापरावेत. पायमोज्यांची वरची पट्टी सैल असावी. पावसात भिजलेले मोजे तत्काळ बदलावेत. केवळ पाय झाकून भागत नाही. सर्वांग उबदार राहिले तरच पावलांकडील रक्तप्रवाह टिकतो. पादत्राणांचा पुढचा भाग रुंद व खोल हवा. जोडव्यांचा प्रश्न नाजूक आहे. बोट सुजले की जोडवे रुतते व आधीच क्षीण असलेला रक्तपुरवठा आणखी दबतो. अशा वेळी ते काढून ठेवण्यास घरातील वडीलधाऱ्यांनीच संमती दिल्यास रुग्णेचा संकोच दूर होतो. धूम्रपानाइतकीच तंबाखूची मिश्रीही वर्ज्य समजावी. निकोटिन कोणत्याही मार्गाने गेले तरी रक्तवाहिन्या आकुंचित करते.

यातील बरीच कामे रुग्णाला एकट्याने जमत नाहीत, ही बाब माहितीपत्रकांत क्वचितच येते. हाताची बोटे आखडलेली असल्याने नखे कापणे, मोजे ओढणे, तळवा वळवून पाहणे कठीण होते. म्हणून आठवड्यातून एकदा घरातील कोणी चांगल्या उजेडात तळवे व बेचक्या तपासाव्यात आणि नखे कडा न कोरता सरळ कापावीत. बोटाचे टोक काळसर पडणे, ऊब देऊनही पांढरेपणा किंवा निळसरपणा न जाणे, जखमेतून पू येणे अथवा झोप मोडणारा ठणका लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास पुढील तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.